दीदींच्या घरचा वॉर्ड

प्रमिलाताई रामटेके यांची माझी पहिली भेट जबलपूरला तुरुंगाच्या फाटकात झाली. मी आतल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. त्यांच्या अंगावर पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, कुणा कैद्याची आई. मी त्यांना कैद्यांच्या भेटीला आलेल्यांच्या रांगेत उभं केलं आणि त्या मुकाट्याने उभ्या राहिल्या. मग कळलं, सुटलेल्या कैद्यांसाठी शहरात नशामुक्तीचा सरकारी वॉर्ड निघतो आहे आणि या त्याच्या प्रमुख. मी ओशाळलो. त्या म्हणाल्या, बरं झालं, रांगेतल्या आयांकडून पोरांची अर्धी हकीकत कळली. पुढे त्या साऱ्या शहराच्या दीदी झाल्या आणि मी त्यांचा हक्काचा भैया.

सुटणाऱ्या माणसाला घ्यायला दीदी स्वतः फाटकावर जात, तेही त्याच्या दोस्तांच्या आधी. आमच्याकडे सुटका म्हणजे हार, गुलाल, मोटरसायकली. आणि हार घालणाऱ्याच्याच खिशात नशेची पुडी. दीदी हार घालू देत, मोटरसायकलवर बसू देत नसत. रिक्षा थेट वॉर्डाकडे. त्यांची दुसरी रीत मात्र मला कधी पटली नाही. कोर्टाने उपचाराला पाठवलेला माणूस पुन्हा नशेकडे घसरला तर कोर्टाला ते आपणच आधी सांगायचं, असा त्यांचा दंडक होता.

मग एका वर्षी राज्याच्या अंदाजपत्रकात कात्री चालली. गुन्हेगारांवर कशाला खर्च, असं कुणा शहाण्याला सुचलं असावं. खाटा हलल्या, वॉर्डाला कुलूप लागलं. तेव्हा दीक्षितपुऱ्याचा मुन्ना तिथे उपचार घेत होता. चोरीच्या खटल्यात त्याला उपचार पुरे करण्याच्या अटीवर जामीन मिळालेला. उपचार थांबले की पुन्हा कोठडी. याला आता ठेवणार कुठे, असं न्यायाधीशांनी विचारलं. माझ्या घरी, अधारतालला, असं दीदींनी सांगून टाकलं.

त्यांचे यजमान, रामटेके काका, संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, कडक शिस्तीचे. "काहून घरी आणून राहिली त्याले?" असं त्यांनी विचारलं खरं, पण त्याच संध्याकाळी स्वतःचा पलंग मुन्नाला देऊन आपण खाली गादी घातली. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध द्यायला मी रोज जात असे.

आठवडा व्हायच्या आत मुन्ना पळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर, डोळे लाल, मान खाली. दीदींनी आधी त्याला जेवायला वाढलं आणि मग सांगितलं, उद्या कोर्टात जायचं. मी हात जोडले. तारीख लांब आहे, कुणाला पत्ता नाही, चलो, गप्प बसा, म्हटलं. मुन्ना तर रडायलाच लागला. दीदी त्याला म्हणाल्या, "बेटा, आज मैं झूठ बोलूँगी, तो कल कोर्ट मेरे कहने पर किसी को नहीं छोड़ेगा."

कोर्टात त्यांनी काही लपवलं नाही. पळाला हे सांगितलं, आणि आपल्या पायांनी परत आला हेही सांगितलं. न्यायाधीशांनी खूप विचार केला आणि मुन्नाला दीदींकडेच ठेवलं. तिथून पुढे इतर कोर्टंही त्यांच्या शब्दावर माणसं पाठवू लागली. आज मुन्नाचं शहपुऱ्याला सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दर राखीला येतो आणि काकांच्या शिव्या खाऊन जातो.

वॉर्ड मात्र बंदच आहे. परवा मी त्यासाठी एका मोठ्या साहेबांना भेटलो. त्यांनी चहा पाजला, दीदींचं तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाले, "वॉर्ड किसलिए? दीदी हैं न." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचाहत्तर वर्षांच्या बाईंचे गुडघे ही काय सरकारी तरतूद आहे?

दीदी, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो. पण त्या आयुष्याच्या भरवशावर सरकारने निजू नये. तो वॉर्ड उघडो, आणि दुपारी निवांत निजण्याची पाळी तुमची येवो. दुपारचं जेवण व्हावं, काकांशी थोडं भांडण व्हावं, आणि मग चहाच्या वेळेपर्यंत कुणी कितीही बेल वाजवली तरी तुम्ही उठू नये.