कमरेवरचा डाग

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर पेन हातात धरलं ते सहीपुरतं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी चुकांबद्दल आधीच माफी मागते. खरी चूक पुढे लिहायची आहे. तिची माफी कशी मागतात ते मला येत नाही.

मला गळ्यात थायरॉईडचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशनच्या आधी धाकटी जाऊ मला वणीच्या गडावर घेऊन गेली. आमच्या चुली वेगळ्या, मळा एक. माझ्यासाठी ती अनवाणी पायऱ्या चढली. तिच्यादेखत मी देवीला शब्द दिला की आजपासून मिश्री बंद. लग्नाआधीपासून भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना घासल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

तो शब्द मी महिनाभरही पाळला नाही.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी किरणांचं औषध दिलं. ते घेतलं की काही दिवस वेगळ्या खोलीत एकटीने राहायचं. मी मिश्रीची पुडी परकराच्या नाडीत लपवून नेली. बेसिनमध्ये काळं थुंकलेलं कुणी पाहील या भीतीने मी फडक्यात थुंकायची आणि त्याची घडी करून कमरेला खोचायची.

मग सगळ्या अंगाचा फोटो काढायचा दिवस आला. मशीनवरच्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, अंगावरचं सगळं काढून हा गाऊन घाला." मला लाज वाटली. मी आत परकर तसाच ठेवला. फडकं तिथेच होतं.

फोटोत कमरेला उजव्या बाजूला काळा डाग आला. डॉक्टर म्हणाले, "हाडात गेलाय का ते बघावं लागेल. पुन्हा तपासणी करू." त्यातलं 'हाडात' तेवढं घरी पोचलं. आमचे हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. जाऊ सराफाकडे जाऊन कानातले सोन्याचे वेल मोडून आली आणि पैसे माझ्या मांडीवर ठेवले. मी रडायला लागले तर म्हणाली, "कान रिकामे झाले म्हणून काय ऐकू यायचं थांबतं का, ताई?"

वेलांचे पैसे दुसऱ्या तपासणीत गेले. त्या वेळी मॅडमनी मला आधी आंघोळ करायला लावली. सगळे कपडे त्यांच्यासमोर बदलले. डाग कुठेच नव्हता. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मावशी, खरं सांगा, त्या दिवशी कमरेला काही होतं का? रुमाल, फडकं? ते औषध थुंकीत उतरतं. थुंकीचं फडकं अंगावर असलं तर मशीनला तेही दिसतं."

मी मान खाली घातली. त्यांना कळलं. "तेव्हाच बोलायचं ना हो," एवढं म्हणून त्या डॉक्टरांना सांगायला गेल्या.

बाहेर जाऊ बाकावरून उठून उभी राहिली होती. मी म्हणाले, "काही नाही निघालं." तिने तिथेच हात जोडले. "देवीनं पुसला!"

तिने गडावर जाऊन ओटी भरली, सवाष्णी जेवायला घातल्या, भेटेल त्याला सांगितलं. मी पाटावर बसून कुंकू लावून घेतलं.

यंदा जावेच्या माहेरी, सायखेड्याला, तिच्या आईच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. आम्ही दोघी मळ्यात झेंडू तोडत होतो तेव्हा जाऊ म्हणाली, "फोटोबिटो नंतर. आधी आईला गडावर नेते. तुमचा डाग नाय का पुसला देवीनं?"

"देवीनं नाही पुसला," मी म्हणाले. "तो डाग नव्हताच गं. माझ्या थुंकीचं फडकं होतं. मिश्रीचं." मग सगळं सांगितलं.

ती माझ्याकडे न बघता तोडत राहिली. फुलांबरोबर कळ्याही तोडायला लागली. मग म्हणाली, "मिश्री लावता ते मला ठाऊक हाय. जवळ बसलं की वास येतो. म्हटलं, देवी घेईल समजून. पण माझे वेल, ताई? आन् मी रडले लय, ते?"

मी पाटीतल्या कळ्या वेचून बाजूला काढू लागले.

"आईला उद्याच दवाखान्यात नेते," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

आईचे उपचार लगेच सुरू झाले. वेलांचे पैसे तिने मागितले नाहीत. माझ्या वाट्याचा झेंडू मी दसऱ्याला शहरात द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर बसून विकला. भाव करणाऱ्यांशी बोलायचीही मला लाज वाटते, तरी बसले. दिवाळीलाही बसले. थोडे थोडे करून पैसे देत गेले, आणि काल शेवटच्या नोटा तिच्या हातात ठेवल्या.

पूर्वी माझ्या हातचं ती कधी मोजून घेत नसे. काल तिने दारात उभ्या उभ्या नोटा मोजल्या. "फिटले, ताई," म्हणाली, आणि आईच्या दवाखान्याच्या पिशवीत ठेवून दिल्या.