बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

माझा दीर मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. शिवणकाम आमच्या ह्यांनी त्याला शिकवलं, आणि आता पांढऱ्या शर्टांचं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की सरळ त्याच्या मशीनकडे वळतं. माझा नुसता जळफळाट होतो.

ह्यांचा त्याहून जास्त. गेल्या वर्षी ह्यांचा उजवा हात अचानक लुळा पडला होता. नशिबाने सुधारला. पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली, रोज न चुकता घ्यायची. पण मग सुई टोचली की रक्त लवकर थांबेना. एका पांढऱ्या कॉलरवर डाग पडला आणि ते गिऱ्हाईक दिराकडे गेलं. दीर बोटात अंगुस्तान घालून शिवतो. ते पत्र्याचं टोपण ह्यांनी जन्मात घातलं नव्हतं. "टोपीवाले शिंपी!" म्हणून त्यालाच चिडवायचे.

रोज सकाळी गोळी मी हातावर ठेवायची, हे पेलाभर पाणी प्यायचे. मी निर्धास्त.

एक दिवस दीर धापा टाकत घरी आला. "वहिनी, बटणांच्या डब्यात दादाच्या गोळ्या सापडल्या. घेतच नाहीये तो."

माझ्या नवऱ्याचं गुपित ह्याला आधी कळावं! अंगाची लाही लाही झाली. तशीच दुकानात गेले, दीर मागोमाग, आणि डब्यातल्या मूठभर गोळ्या ह्यांच्यापुढे धरल्या. "आत्ताच्या आत्ता गिळा सगळ्या!"

दिराने त्या काढून घेतल्या आणि डॉक्टरांना फोन लावला. राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत, आजची एकच घ्यायची, आणि विचारल्याशिवाय बंद करायची नाही, असं त्यांनी बजावलं.

"का रे दादा असं?"

"डाग पडतात. सगळं पांढरं तुझ्याकडे जातं. बघवत नाही मला."

दिराने स्वतःच्या बोटातलं अंगुस्तान काढून ह्यांच्या बोटात घातलं. "हात गेला तर काळंही शिवता यायचं नाही तुला."

आता हे टोपी घालून शिवतात. गोळी दिरासमोर घेतात, घेतली की तोंड उघडून दाखवतात आणि दोघं खो-खो हसतात. मला फसवता येत होतं, त्याला येत नाही. म्हणून गोळ्यांची पाकिटं मी स्वतः नेऊन त्याच्या हातात दिली. इतकं जिवावर दुसरं काही आलं नव्हतं.