नानांचा डावा कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मेघनाला तर नाहीच. ती माझी बायको, आणि नाना तिचे वडील. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिच्या ओळखीचे नसाल अशी आशा आहे.

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. मला ते अतिशयोक्तीचं वाटायचं.

जर्मनीत, गार्चिंगजवळच्या आमच्या गावात एक नेमबाजी क्लब आहे — श्युत्सेनफेराइन. वर्षातून एकदा तिथली वजनदार मंडळी हिरवी जाकिटं घालून, छातीवर चांदीच्या साखळ्या लटकवून बँडच्या मागे चालतात. मी त्यांना मनसोक्त हसलो आहे. हसत हसतच सभासद झालो. जाकीट माझ्याकडेही आहे. साखळी मिळाली नाही, एवढंच.

रायफल हे यंत्र मात्र मला मनापासून आवडतं. त्यातही नळीच्या तोंडाशी बसवायचा मझल ब्रेक. अंगठ्याएवढा पोलादी तुकडा, बाजूंना काही खाचा, हलणारा भाग एकही नाही. गोळीमागचा तापलेला वायू सरळ पुढे सुटला, तर रायफल खांद्याला लाथ मारते. हा तुकडा त्या वायूला बाजूला आणि थोडा मागे वळवतो. वळताना वायू रायफलला पुढे ओढतो, आणि लाथेची ढुशी होते. दिवसभर इंजिनांची कंपनं मोजणाऱ्या माझ्यासारख्याला याहून देखणं काय दिसणार? खोट एकच. जे बाजूला वळवलं, ते बाजूच्या माणसाकडे जातं. नेम धरणाऱ्याला रायफल मवाळ वाटते, शेजाऱ्याच्या कानाशी तोफ सुटते. म्हणून क्लबात ब्रेकवाल्याला कडेचा बाक देतात, आणि प्रेम जरा कमी.

नाना साताऱ्याचे निवृत्त पोस्टमास्तर. गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले, आणि एका शनिवारी मी त्यांना क्लबात नेलं. कानांवर जाड इयरमफ चढवल्यावर म्हणाले, "चला, कवचकुंडलं मिळाली." मग माझ्या उजव्या हाताला उभे राहिले.

आता मी गोळी झाडायला हवी होती. त्याऐवजी मी समजावू लागलो. त्यांना ऐकू येईना. मी खूण केली — एक बाजू उचला. त्यांनी उचलली. जावई काही सांगतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मी वायूबद्दल बोललो, दाबाबद्दल बोललो, खाचांच्या कोनाबद्दलही बोललो. शेवटी म्हणालो, "आता बघा नाना, माझा खांदा हलतो का." आणि त्यांच्याकडे न बघता चाप ओढला.

खांदा हलला नाही.

वळलो तेव्हा नाना खांबाला धरून उभे होते. डाव्या कानावरचा मफ अजून वरच सरकवलेला. "अजिबात हलला नाही हो," ते म्हणाले. "शाब्बास." देखरेखीवरच्या माणसाने लांबून विचारलं, सगळं ठीक ना? मी अंगठा दाखवला.

सोमवारीही त्यांच्या कानात शिट्टी वाजत होती, आणि डावीकडून बोललेलं नीट कळत नव्हतं. मेघना ऑफिसात, म्हणून कानाच्या डॉक्टरकडे मीच नेलं. दुभाषीही मीच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, अलीकडे जवळपास एखादा 'क्नाल' झाला होता का?

हा प्रश्न मी नानांना विचारलाच नाही. उत्तर मीच दिलं. नाइन — नाही.

इथवर तुम्ही मला भित्रा म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण अजून थोडं आहे. नानांना जर्मन येत नाही — एक शब्द सोडून. आमच्या पाच वर्षांच्या ईराला मराठी समजतं, पण ती बोलते जर्मनच. आजोबा आल्यापासून ती फुगे फोडत होती, आणि दर फुग्याला ओरडायची — क्नाल. आजोबाही ओरडायचे. क्नाल म्हणजे बार, हे त्यांना माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कानाच्या आतलं चित्र निरखत होते, पोस्टात नवं तिकीट आल्यावर निरखावं तसं. मग शांतपणे म्हणाले, "सांगा त्यांना जावईबापू, वय झालं म्हणून."

मी त्याचं अचूक भाषांतर केलं. वर 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, असं जोडलं.

घरी मेघनानं विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत नानाच म्हणाले, "काही नाही गं. म्हातारा झालो, त्याचा दाखला घेऊन आलो."

माझ्यासाठी केलं, की लेकीच्या संसारासाठी? विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागतं. छातीवर साखळ्या मिरवणारे मी पुष्कळ पाहिले. इतक्या कमी आवाजात इतकं मोठं काही करणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

आणि हे — बारानं कान गेला असेल तर औषध लगेच सुरू करायचं असतं. गुण येईलच असं नाही, पण यायचा तर तेव्हाच. हे मी नंतर वाचलं. नंतर म्हणजे त्याच संध्याकाळी. नाना बाल्कनीत बसले होते. दार उघडं होतं. मी लॅपटॉप बंद केला.

रायफलचा ब्रेक काढून टाकला, असं लिहायचा मोह होतोय. काढलेला नाही.

याही वर्षी नाना आले आहेत. ईराला त्यांच्या कानात गुपितं सांगायची सवय आहे. काल ती सोफ्यावर त्यांच्या डावीकडे चढली, कानाशी तोंड नेलं — आणि थांबली. खाली उतरली, वळसा घालून उजवीकडे गेली. मी समोरच बसलो होतो. तिचं गुपित ऐकता ऐकता नाना माझ्याकडे पाहून हसले.