स्लॅबवर वाळवलेलं कव्हर

कट्ट वाजलं अन् मूठच माह्या हातात आली. लाकडी पिस्तुलाची मूठ. बाकीचं पिस्तूल चामड्याच्या कव्हरात असं गच्च फसलं की हालेच ना. कडेवर पोरगी रडून राहिली, खाली कुकर शिट्ट्या मारून राहिला, अन् मी स्लॅबवर मूठ धरून उभी. माय वं, आता काय करू!

ते पिस्तूल माह्यं नव्हतं ना. कामठीच्या काकाचं होतं. काकानं जनमभर छावनीतल्या लोकायचे पट्टे अन् पिस्तुलाचे कव्हर शिवले. रिव्हॉल्वरच्या मापाचा हा लाकडी साचा त्यायच्या उस्तादनं हातानं कोरून देला होता. एकच होता. मले भरोशावर घरी नेऊ देला.

आमचे हे सदरमधी सोन्याच्या दुकानावर गार्ड आहेत. कमरेले लायसनचं रिव्हॉल्वर, अन् कव्हर फाटलेलं, सुतळीनं बांधलेलं. मले रोज धाक, पडलं तं? सुटलं तं? म्हनून मीच काकाजवळ कव्हर शिवाले शिकाचं ठरवलं. नववी नापास आहो मी, पर सुई धरता येते. सासू म्हने, "मेल्या ढोराले हात लावनं आपल्या लोकायनं सोडलं, अन् तू पैसे देऊन चामडं घरात आनून राहिली?" म्हने, पर मी कामठीले शिकाले गेली की पोरीले तीच सांभाळे.

कव्हर शिवून झालं की ते भिजवाचं, आत साचा घालाचा, बोटानं दाबून दाबून आकार आनाचा, अन् वाळू द्याचं. आता वाळवाचं म्हनलं तं मले स्लॅबच मालूम! मे महिना. कुरडया टाकल्या होत्या, त्याच लुगड्यावर कव्हरही ठेवून देलं. दुपारी पाहते तं आकसून लाकडासारखं कडक झालेलं. मी ओढलं जोरात, अन् कट्ट.

हे घरी आले, पाहिलं. म्हनाले, "शिलाई उसव, साचा काढ, मूठ गोंदानं चिकटव. म्हाताऱ्याले काय दिसते?"

मीनं मूठ जोडून पाहिली. खरंच, रेघही दिसे ना. गोंदाची बाटली हातात घेतली होती, खोटं काहून सांगू.

पर दुसऱ्या दिवशी पोरीले घेतलं, सगळं पिशवीत घातलं, अन् शेअर ऑटोत बसली. काकासमोर पिशवी ठेवली अन् रडालेच लागली. "काका, तुमच्या उस्तादची निशानी मोडली माह्यानं."

काकानं मुठीकडे पाहिलंही नाही. कव्हर वाकवलं, ते करकरलं.

"हे कुठी वाळवलं वं?"

"स्लॅबवर. कुरडयाच्या बाजूले."

"कुरडया! मंग तळून खातं का आता?" मले हासू आलं, पर काका हासले नाही. "लाकूड जुडते पोरी. चामडं जळलं तं गेलं. सावलीत वाळवाचं, दोन-तीन दिवस लागो. अन् सांग, असं आवळलेलं कव्हर जवाईच्या कमरेले लावलं असतं, अन् वक्तावर रिव्हॉल्वर निघालंच नसतं तं?"

एवढे दिवस मी पडाचं भेव घेऊन बसली होती. फसाचं मनातच आलं नव्हतं.

त्या दिवशी काकानं माह्याकडून एक एक टाका उसववला, साचा काढला, मूठ स्वतः चिकटवली, अन् चामड्याचा नवा तुकडा देला. "जाय, पुन्हा शिव," म्हने. साचाही परत पिशवीत घातला, बाप्पा! दुसरं कव्हर पलंगाखाली वाळलं. टाके वाकडे आहेत, पर हे हात लावतात तं रिव्हॉल्वर सर्रकन निघते, अन् उलटं केलं तं पडत नाही. हे कामावर निघाले की मी मनातल्या मनात काकाच्या पाया पडते.

गुपचूप गोंद लावला असता तं दुसरं कव्हरही मी स्लॅबवरच टाकलं असतं, अन् तेच ह्यायच्या कमरेले गेलं असतं. ती बाटली अजून फळीवर आहे. रेघ दिसतच नव्हती, तुम्ही असते तं काय केलं असतं?