काट्याच्या पावतीवरचा बदाम

फुलसावंगीच्या एका कापसाच्या जिनिंगमधली शीला ऑपरेटर ट्रॅक्टरवाल्या भीमसिंगला वजनकाट्याच्या पावतीवर लाल-बिल नाही, चक्क पत्त्यातला बदाम काळ्या शाईत छापून देते, ही कुजबुज दोन हजार पाचच्या हंगामात महागावात पोचली. ढाणकीत पोचेपर्यंत तर दोघांचं लग्नही लागलं होतं!

शीला उमरखेडला टायपिंग शिकलेली, कोणाशी फालतू न हसणारी. गावाच्या मते हाच पुरावा. कापसाला कोणी भाव देईना त्या वर्षी, आणि इथं बदाम फुकट!

जिनिंगचे मालक सदाशिवराव. रुईचा धुरळा लागू नये म्हणून त्यांनी कॉम्प्युटर, शीला आणि स्वतःला एसीच्या केबिनमध्ये हलवलं. प्रिंटर राहिला लांब, काट्याच्या खिडकीशी. मेकॅनिक म्हणाला, "सेठ, सिरीयल केबल घ्या. अक्षराचे तुकडे एका तारेतून एकामागं एक जातात, हळू जातात, पण लांब जातात. ही पॅरलल आहे. अक्षराचे आठ तुकडे आठ तारा एकदम घेऊन पळतात. लांब नेलं की गडबडतात." सेठनं मान डोलवली आणि टेलिफोनच्या उरलेल्या तारा जोडून पॅरललच लांबवली. जोडावर काळी टेप, टेपवर सेठची खुर्ची.

पावतीवर नावांचा चोथा होई, कापसाच्या इंग्रजी नावातल्या 'सी'चा बदाम. पण काट्यावर कोण अक्षर वाचतो? वजन पाहायचं, पावती खिशात कोंबायची. वजन बरोबर होतं.

भीमसिंगचा खिसा मात्र त्याची बायको रामीबाई तपासे. ती तडक केबिनमध्ये.

"पोरी, माह्या नवऱ्याले बदाम कायले देऊन राह्यली?"

"मावशी, मी फक्त बटन दाबते."

सदाशिवराव खुर्चीतूनच गुरकावले, "शीला, उद्यापासून येऊ नको. जिनिंगची इज्जत आहे!"

शीलाचं तोंड उतरलं. घर तिच्याच पगारावर होतं. पण ती म्हणाली, "सेठ, तुमच्या नावानं एक पावती काढते." खिडकीतून भीमसिंग ओरडला, "सेठलेही बदाम!"

रामीबाईनं सेठकडे असं पाहिलं, की ते ताडकन उठले. "पुन्हा काढ!"

"सेठ, आता बदाम नाही! नावबी साफ!" खिडकीतून भीमसिंग.

सेठ बसले. बदाम. उठले. गायब.

"सायेब," रामीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमी बसले का बदाम येते. मंग नोकरी कोनाची जाते?"

शीला दुसऱ्या दिवशी कामावर होती. सेठची खुर्ची हातभर सरकली. सिरीयल केबल अर्थातच आली नाही. ढाणकीत आजही कोणी विचारतं, त्या दोघांचं पुढं काय झालं?

काही झालं नाही. खुर्चीच्या पायाखाली आठांतली एक तार शेजारच्या तारेला चिकटत होती. तिचा तुकडा गळाला की प्रिंटर 'सी'ऐवजी बदाम छापायचा. आकड्यांना तो तुकडा लागत नाही. शीलानं कोणालाही बदाम दिला नव्हता.