उपाशी वेल

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळुरात, जे. पी. नगरला घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून ऑटोने जयनगरला त्यांच्या घरी पोहोचलो. दाजी असते तर म्हणाले असते, "अरे, निम्मीच छाटणी करून आलास की!" माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान. झोपेतच गेले. वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्यांची आठवण निघाली की आधी हसूच येतं, त्याला मी काय करू?

दाजी तासगावकडचे, द्राक्षबागेतच वाढलेले. नंदी डोंगराच्या पायथ्याशी एका मालकांना पांढऱ्या वाइनसाठी बाग लावायची होती, म्हणून बंगळुरात आले आणि गावाकडचा हात दाखवला. सपाटीची लाल, मऊ माती, शेणखत, पेंड, पाटाने पाणी... माहेरी आलेल्या लेकीचे करावेत तसे लाड! घड हे एवढाले लटकले. आणि वाइन? पाणचट. "बाग उपटून टाकतो," मालक म्हणाले. दाजींचं जेवणावरचं मन उडालं. आयुष्यात एकच विद्या येत होती, तीच चुकली होती. मग एका सकाळी ते वरच्या उतारावर गेले. तिथे नुसते गोटे. शेळ्यासुद्धा फिरकायच्या नाहीत. छाटणीनंतर कुणीतरी फेकलेली एक काडी त्या गोट्यांत रुजून तिची वेल झाली होती. तिचं वाटाण्याएवढं द्राक्ष त्यांनी चावलं, बी दाताखाली फोडलं; पाणचटपणाचं नाव नव्हतं. तडक मालकांकडे गेले. "उतारावर लावू द्या. चार वर्षं द्या. नाही जमलं तर मीच उपटतो."

उतारावर खत नाही, पाणी जेमतेम. "पोट भरलं की वेल आळसावते, मुळं खाली जात नाहीत," म्हणायचे. त्या गोट्यांनी आणि डोंगरावरच्या गार हवेने आंबटपणा राखला. चौथ्या वर्षी जाणकार पाहुण्यांनी पेला नाकाशी नेला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. पुढे त्या उताराच्या बाटलीला मोठमोठ्या हॉटेलांत मान मिळाला. दाजींनी मात्र थेंब जिभेला लावला नाही. गुरुवार पाळणारा माणूस! नुसता वास घ्यायचे आणि कानडीत "सरी", म्हणजे बरोबर, म्हणून पेला परत द्यायचे.

त्याच उतारावरची एक काडी त्यांनी जयनगरच्या गच्चीवर, तेलाच्या डब्यात गोटे आणि मूठभर माती भरून लावली होती. परवा, ते गेल्यावर महिना-दीड महिन्याने, वर गेलो तर माती खडखडीत. मी तांब्या उचलला.

"नको रे," अक्का म्हणाली. "सहा वर्षं मी चोरून पाणी घालत होते. माझ्या घरात कुणी उपाशी राहिलेलं मला नाही बाई बघवत! त्यांना ठाऊक होतं. दर वर्षी एक द्राक्ष चावायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, 'स्वल्प, थोडंसं जेवलेलं दिसतंय.'" ती हसली, मग डोळे पुसले. "यंदा नाही घातलं."

वेलीवर एकच घड होता, बारीक मण्यांचा. तिने एक मणी तोडला, चावला, बी दाताखाली फोडलं.

"सरी," म्हणाली, आणि दुसरा मणी माझ्या हातावर ठेवला.