शेवटची बॅटरी आणि मावशीचा सडा

ड्रोन घेऊन दोन महिने झाले तरी तो खोक्यातच होता, कारण माझी तयारीच संपत नव्हती. आधी पंख्यांभोवती बसवायची कुंपणं मागवली, मग लेन्सवर लावायच्या काळ्या काचा, मग ड्रोन उतरवायला घडीची चटई, सुटे पंखे, दोन जादा बॅटऱ्या. एक वस्तू आली की दुसरी नाही म्हणून जीव खालीवर. खरं सांगायचं तर उडवायची भीती वाटत होती. तेवढ्यात सुलभामावशीचा फोन आला.

"रविवारी खाणवाले येताहेत गो. त्याच्या आधी तुझं ते यंत्र घेऊन ये."

मावशी राजापूरजवळच्या गावात एकटी राहते. घरामागे सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, आणि त्यावर कुणीतरी फार पूर्वी कोरलेलं भलंमोठं चित्र. काका गेल्यावर वाटण्या झाल्या, सड्यावर दगडांचा गडगा उभा राहिला आणि तिचं नि दिरांचं बोलणं थांबलं. आता दीर, दत्ताभाऊजी, आपला हिस्सा चिरेखाणीला देणार होते. चित्र गडग्यापलीकडेही जातं असं मावशी म्हणायची. दीर मानत नव्हते.

गुरुवारी पहाटे पुण्याहून गाडी काढली. कऱ्हाड, मलकापूर, आंबा घाट, पाली. घाटात धुकं असतं, घाई करू नका. मी केली. सरळ मावशीकडे जायचं तर मला पूर्णगडचा किल्ला खुणावत होता, म्हणून पावसवरून तिकडे वळले. बांगड्याची थाळी अडीचशेला मिळाली, सोलकढी मागाल तितकी. रत्नागिरी विमानतळाच्या जवळपास ड्रोन चालत नाही, त्यामुळे नकाशा आधी बघून ठेवा.

किल्ल्याजवळ वारा होता. कुंपणांत वारा भरून ड्रोन कलंडायला लागला, तेव्हा ती काढून टाकली. कुंपणांनी वजनही अडीचशे ग्रॅमच्या पुढे जातं आणि मग उडवण्याचे सरकारी नियम बदलतात. चटई तर वाऱ्याने बंदराकडे उडाली. जाळं शिवत बसलेल्या एका काकांनी ती पायाने दाबून धरली.

"ह्याच्यात मासळी दिसते काय गो?"

"नाही हो काका. नुसते फोटो."

"मग कशाला एवढी वणवण करतेस?"

मला थांबवेना. खाडी, तटबंदी, होड्या, पुन्हा खाडी. दोन बॅटऱ्या संपवल्या आणि पिशवी उपसली तेव्हा कळलं, चार्जर पुण्यात टेबलावर राहिलाय. स्वतःचाच इतका राग आला की काकांनी पुढे केलेला चहासुद्धा गोड लागला नाही.

शुक्रवारी राजापूरच्या बाजारात चार दुकानं पालथी घातली. "हा कोल्हापूरशिवाय मिळायचा नाय," एवढंच उत्तर. एकच भरलेली बॅटरी घेऊन मावशीच्या अंगणात पोचले. तिला सांगितलं, तर ती रागावलीही नाही. खराटा घेऊन सड्यावर गेली आणि चित्राच्या खोबणीतलं गवत, माती झाडायला लागली. चटई पुन्हा उडेल म्हणून मावशीच्या सुपावरून मी ड्रोन उडवला. ऊन इतकं की पडद्यावर माझंच तोंड दिसत होतं. मावशीने छत्री धरली, तेव्हा कुठे दिसलं: दोन मागचे पाय, एक शेपूट, मग गडगा. पलीकडे नुसतं वाळलेलं गवत.

"मी उडी मारून झाडून येते," मी म्हणाले.

"त्यांच्या जागेत विचारल्याशिवाय पाय घालायचा नाही." मावशीने तो अर्धा फोटो दिरांना पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. संध्याकाळभर मी तिचा फोन दहादा उघडला असेल. बॅटरी निम्मी उरली होती, आणि बाकीच्या दोन मीच पूर्णगडला उधळल्या होत्या.

शनिवारी कोवळं ऊन असतानाच सड्यावर गेलो. तिरप्या उन्हात कोरीव रेघा उठून दिसतात, हे मावशीनेच सांगितलं. गडग्यापलीकडून खरखर ऐकू येत होती. दत्ताभाऊजी वाकून झाडत होते. बरंच झाडून झालेलं होतं. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी ड्रोन वर नेला. पलीकडे पुढचे पाय, मान, लांब शिंगं. अख्खा बैल होता, आणि गडगा नेमका त्याच्या पोटावरून गेला होता. उतरवेपर्यंत बॅटरीचा लाल दिवा लागला.

दत्ताभाऊजी गडग्याजवळ आले. मावशीने छत्री पुढे केली आणि आम्ही तिघांनी तिच्याखाली डोकी घातली.

"शिंगं आमच्याकडं होती होय," ते म्हणाले. मग गडग्यावर हात ठेवून, "वैनी, गडगा मीच घातलेला ना इथनं?"

"तुम्हीच," मावशी म्हणाली.

आता पुण्यात आहे. काळ्या काचांचं पाकीट फोडलंच नाही. कुंपणं कुणाला हवी असतील तर घेऊन जा. तुम्ही ड्रोन घेणार असाल तर बॅटऱ्या जादा घ्या, सुटे पंखे घ्या, चार्जर आदल्या दिवशीच पिशवीत टाका, आणि पडद्यावर सावली धरायला काहीतरी हवंच. मी उगाच जीव टांगून बसले होते. रविवारी मावशीचा फोन येईपर्यंत मात्र तसाच टांगलेला राहिला.

"आले होते खाणवाले. चहा पिऊन गेले. सडा देत नाही म्हणून भावोजींनी सांगितलनी."

"आणि तुम्ही दोघं?"

"मी दगड काढत्ये, ते पलीकडे रचताहेत. बैलाचं पोट मोकळं केलं गो."